घरगुती तंत्र : लॅपटॉप पुसण्याआधी घरात विचारा



आमच्या घरी एक लॅपटॉप आहे. बाबांनी २०१६ साली घेतलेला. चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क आणि सुरू व्हायला इतका वेळ, की बटण दाबून चहा ठेवावा, चहा गाळून आणावा, तेव्हा कुठे स्क्रीनवर पासवर्ड मागायचा.

आम्ही अहिवाऱ्याचे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारी चुनखडी जिथून निघते ती नंदिनीची खाण आमच्या अगदी जवळ. बाबा तिथूनच निवृत्त झाले. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि गल्लीत छत्तीसगढी असं आमचं रोजचं बोलणं. ही भाषांची खिचडी या लेखात पुढे कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही, पण सुरक्षेची नवी अपडेट्स येणं थांबतं. तेव्हा एका वर्षासाठी वाढीव सुरक्षेची नोंदणी करता येत होती, पण ती एका वर्षापुरतीच. विंडोज ११ घालावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा त्याहून जुना. दुकानदार म्हणाला, "नवा घेऊन टाका." बाबा म्हणाले, "याला काय झालंय? चालतोय की!"

दोघांचंही खरं होतं. मग मी मधला रस्ता काढला. लॅपटॉप तोच ठेवायचा, त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची. लिनक्स घालायचं.

लिनक्स म्हणजे काय, दोन मिनिटांत

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली. एकाच संगणकावर अनेकांनी काम करायचं, प्रत्येकाची फाइल वेगळी, प्रत्येकाचे अधिकार वेगळे, ही तिची शिस्त. पुढे १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने तशाच शिस्तीचा गाभा स्वतः लिहिला आणि सगळ्यांना मोकळा करून दिला. तोच लिनक्स. म्हणून त्याला युनिक्ससारखी सिस्टीम म्हणतात.

हे काहीतरी परकं वाटत असेल, तर हातातला फोन बघा. तो अँड्रॉइड असेल, तर त्याच्या आतला गाभा लिनक्सचाच आहे. म्हणजे आपल्या घरात लिनक्स आधीच आलेलं आहे, फक्त त्याची ओळख करून दिलेली नाही.

या गाभ्याभोवती वेगवेगळ्या संस्था आणि स्वयंसेवक आपापली पूर्ण सिस्टीम बांधतात. डेबियन १९९३ पासून आहे, उबुंटू २००४ पासून, लिनक्स मिंट २००६ पासून. आपल्याकडे सी-डॅकने चेन्नईच्या केंद्रात डेबियनवर आधारलेली बॉस नावाची सिस्टीम तयार केली. तिची पहिली आवृत्ती २००७ ची, आणि तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

मी लिनक्स मिंट निवडलं, त्यातही एक्सएफसीई नावाचा हलका प्रकार. त्याला किमान दोन जीबी रॅम आणि वीस जीबी जागा लागते, चार जीबी रॅम असेल तर बरं. आमचा लॅपटॉप त्यात बसत होता. शिवाय त्याची मांडणी विंडोजसारखी आहे. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू. आईला नव्याने काही शिकवायला लागू नये, हा मोठा मुद्दा होता.

जेवताना विचारलेला प्रश्न

खरी गोष्ट इथे सुरू होते.

मी फोटो आणि डॉक्युमेंट्सचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले आणि स्वतःला फार हुशार समजू लागले. रात्री जेवताना सहज म्हटलं, "उद्या लॅपटॉप पुसतेय. कोणाचं काही आहे का त्यात?"

धाकटा भाऊ म्हणाला, "माझे प्रोजेक्ट डेस्कटॉपवरच आहेत." डेस्कटॉपचा फोल्डर मी घेतलाच नव्हता.

आई म्हणाली, "भिशीचा हिशेब आहे. अन् ते बँकेचे पासवर्ड, ते आपोआप येते न, ते जाईन का?" ते ब्राउझरमध्ये साठवलेले होते.

बाबांनी वरणात भात कालवला आणि शांतपणे म्हणाले, "डी ड्राइव्हमध्ये 'सामान' म्हणून फोल्डर आहे. त्यात तुझ्या आजीचं आहे सगळं."

आजी २०१९ मध्ये गेली. त्याआधीच्या हिवाळ्यात ती पलंगावर बसून पाककृती सांगायची आणि बाबा टाइप करायचे. गोळाभात, सांबारवडी, पातोडीचा रस्सा. शिवाय शेजारणीकडून शिकलेला छत्तीसगढी फरा. हे मला माहीत होतं, पण ते या लॅपटॉपमध्ये आणि तेही डी ड्राइव्हमध्ये आहे, हे डोक्यातच आलं नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात पुष्कळ लोक फसतात. सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह या बहुतेक लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या डिस्क नसतात. एकाच डिस्कचे ते दोन भाग असतात, एका खोलीत मधे पडदा लावावा तसे. "विंडोज तर सी मध्ये आहे, डी ला काय होणार?" असं आपण समजतो. पण लिनक्स घालताना 'डिस्क पुसून टाका' हा पर्याय निवडला की पडद्यासकट दोन्ही भाग जातात.

तो प्रश्न विचारला नसता, तर आजीची वही माझ्याच हाताने गेली असती.

म्हणून पहिली पायरी डाउनलोडची नाही, विचारण्याची. घरातल्या प्रत्येकाला विचारा आणि कागदावर लिहा :

• डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, फोटो आणि डी-ई ड्राइव्हवर कोणाचं काय आहे?
• ब्राउझरमध्ये कोणते पासवर्ड आणि बुकमार्क साठवले आहेत?
• कोणतं सॉफ्टवेअर रोज लागतं?
• प्रिंटर कोणता, वाय-फायचा पासवर्ड काय?

मग दोन प्रती काढा. एक बाहेरच्या डिस्कवर, दुसरी पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर. आणि त्या प्रती दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडून न बघितलेली प्रत म्हणजे न चाखता वाढलेली भाजी.

कोणी या वाटेला जाऊ नये

ज्यांचं रोजचं काम टॅलीवर, फोटोशॉपवर किंवा ऑटोकॅडवर आहे, त्यांनी विंडोज काढू नये. ही सॉफ्टवेअर लिनक्सवर सरळ चालत नाहीत. घरून द्यायच्या काही ऑनलाइन परीक्षांनाही विंडोजच लागतं. अशा घरांनी दोन्ही सिस्टीम शेजारी-शेजारी ठेवाव्यात. लिनक्स घालतानाच तसा पर्याय मिळतो. मग लॅपटॉप सुरू करताना तो विचारतो, आज कोणाकडे जायचं?

आमच्या घरचं काम म्हणजे इंटरनेट, पत्रं, भिशीचा हिशेब, व्हिडिओ आणि भावाचा अभ्यास. वर्ड-एक्सेलच्या फाइल्स उघडायला लिनक्समध्ये लिबरऑफिस असतं. आमचं भागत होतं.

पेनड्राइव्ह बनवणं

मिंटची फाइल जवळपास तीन जीबीची. भावाच्या फोनचा रोजचा डेटा दोन जीबी. शेवटी दुर्गला मावशीकडे गेले आणि तिच्या वाय-फायवर उतरवून घेतली. येताना मावशीने चिवड्याचा डबा दिला, तो वेगळा.

फाइल उतरली की ती अस्सल आणि पूर्ण आहे का हे तपासा. संकेतस्थळावर फाइलसोबत ६४ अक्षर-अंकांची एक ओळ दिलेली असते. ती फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखी. आपल्या संगणकावर तोच ठसा काढून जुळवायचा. एक अक्षर जरी वेगळं आलं, तर फाइल पुन्हा उतरवा.

मग आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावर फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस किंवा एचर या मोफत सॉफ्टवेअरने ती 'लिहावी' लागते. असं लिहिताना पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं जातं. तेव्हा लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नका.

आधी राहून बघा, मग घर घ्या

लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावायचा आणि सुरू करताना एफ १२, एफ ९, एफ २ किंवा एस्केपचं बटण दाबायचं. कंपनीप्रमाणे बटण बदलतं. तिथे पेनड्राइव्ह निवडला की मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालू होतं. अजून डिस्कवर काहीच घातलेलं नसतं. म्हणजे भाड्याच्या घरात चार दिवस राहून बघण्यासारखं आहे हे.

याच वेळी तपासा. वाय-फाय दिसतंय का? आवाज येतोय का? कॅमेरा, उजेड कमी-जास्त करण्याची बटणं, झाकण मिटल्यावर झोपणं आणि उघडल्यावर उठणं?

आमचं वाय-फाय दिसेना. मी घाबरले. उपाय सोपा निघाला. फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केलं. लॅपटॉपला फोनचं इंटरनेट मिळालं. पुढे मिंट घातल्यावर त्यातल्या ड्रायव्हर मॅनेजरने वाय-फायसाठी लागणारा ड्रायव्हर शोधून दिला. एकदा रीस्टार्ट केलं आणि वाय-फाय आलं.

अर्धा तास

सगळं तपासलं की डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल' चिन्हावर क्लिक करायचं. भाषा विचारतात, त्यात मराठी आहे. कीबोर्ड विचारतात, तो इंग्रजीच ठेवा, म्हणजे पासवर्ड टाकताना गोंधळ होत नाही. मराठी नंतर जोडता येतं. मग येतो तो मोठा प्रश्न, डिस्क पुसायची की विंडोजच्या शेजारी राहायचं? इथे थांबा. कागदावरची यादी पुन्हा वाचा. 'आता घाला' असं बटण दाबेपर्यंत डिस्कवर काहीही बदललेलं नसतं, मागे फिरता येतं. त्यानंतर नाही.

चार्जर लावलेला असू द्या. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि अर्धवट लिहिलेली डिस्क म्हणजे अर्धवट तळलेली पुरी. ना कच्ची, ना पक्की.

वेळेच्या प्रदेशात कोलकाता निवडायचं, नाव आणि पासवर्ड द्यायचा. आमच्याकडे अर्ध्या तासात काम झालं.

घर लावणं

नवीन घरात सामान लावायला वेळ लागतो, तसंच इथे.

सगळ्यात आधी अपडेट मॅनेजर चालवा. मग टाइमशिफ्ट नावाचं साधन सुरू करा. ते सिस्टीमचा फोटो काढून ठेवतं. पुढे काही बिघडलं तर त्या दिवसावर परत जाता येतं. पण लक्षात ठेवा, ते सिस्टीम जपतं. तुमचे फोटो आणि फाइल्स जपायला वेगळी प्रत लागतेच.

मग प्रत्येकासाठी वेगळं खातं केलं. आईचं, बाबांचं, भावाचं. ही युनिक्सची जुनी शिस्त, प्रत्येकाचं घर वेगळं. नवीन सॉफ्टवेअर घालायचा अधिकार फक्त माझ्या आणि बाबांच्या खात्याला. भाऊ दोन दिवस फुगून बसला.

इथे सी आणि डी ड्राइव्ह नसतात, हेही घरच्यांना सांगावं लागलं. सगळं एकाच मुळापासून फांद्यांसारखं फुटतं आणि आपलं सामान 'होम' या फांदीवर आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये असतं.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं. इनस्क्रिप्ट हा भारत सरकारने ठरवलेला आराखडा. त्यात डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. शिकायला थोडे दिवस लागतात, पण मग हात सुसाट चालतो. ज्यांना इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी लिहायची सवय आहे, त्यांच्यासाठी उच्चारानुसार चालणारा पर्यायही आहे.

मेनू मराठीत दिसू लागले, पण सगळे नाहीत. काही शब्द मराठी, काही इंग्रजी. कारण हे अनुवाद माणसांनी बसून केलेले आहेत. पुण्यात रेड हॅट कंपनीत काम करणाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी लिनक्समधल्या हजारो ओळी मराठीत आणल्या. आणि आमच्या दुर्गला लागून असलेल्या राजनांदगावचे रविशंकर श्रीवास्तव, ज्यांना हिंदी वाचक रवि रतलामी या नावाने ओळखतात, त्यांनी हिंदीबरोबर छत्तीसगढी अनुवादाचंही काम केलं. केडीई नावाच्या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये छत्तीसगढी आली ती अशा मेहनतीतून. बाजारात मागणी किती, हे न बघता कोणीतरी आपल्या गल्लीची भाषा संगणकात नेऊन बसवली, हे वाचून मला फार बरं वाटलं.

सासूबाईंचा गोळाभात

सगळं झालं. मी ऐटीत आईला बोलावलं आणि 'सामान' फोल्डरमधली पहिली फाइल उघडली.

स्क्रीनभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. एकही शब्द वाचता येईना.

आई म्हणाली, "हे काय करून ठेवलं गं? सासूबाईंचा गोळाभात गेला का मग?"

माझ्या पोटात गोळा आला. प्रत काढली होती, उघडूनही बघितली होती. पण बघितली ती मावशीच्या विंडोजवर, तिथे तर सगळं नीट दिसलं होतं!

बाबांनी चष्मा लावला, जवळ येऊन बघितलं आणि हसले. "काही गेलं नाही. हे कृतिदेव आहे. तुझ्या नव्या मशीनमध्ये तो फॉन्ट नाही."

बाबांचं टायपिंग ऑफिसातलं, हिंदी. इकडे सरकारी कामात वर्षानुवर्षं कृतिदेव फॉन्ट चालला. त्यांनी आजीची मराठीही त्याच हिंदी फॉन्टमध्ये टाइप केली. या जुन्या फॉन्टची गंमत अशी, की फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजीच अक्षरं साठवलेली असतात. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचे कपडे घालतो. 'आई' हा शब्द त्या फाइलमध्ये व्ही, के, बी आणि कॅपिटल झेड असा लिहिलेला असतो. फॉन्ट काढला, की कपडे उतरतात आणि उघडी अक्षरं दिसतात. मावशीकडे कोणीतरी पूर्वी तो फॉन्ट घातला होता, म्हणून तिथे दिसलं.

युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे 'आ' ला जगभर एकच क्रमांक आहे, फॉन्ट कुठलाही असो. म्हणूनच फोनवर आलेला मराठी मेसेज कुठेही वाचता येतो. लिनक्ससोबत येणारे लोहित फॉन्ट याच पद्धतीचे. ते रेड हॅटने सगळ्यांसाठी मोकळे केले आणि मुळात बनवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, ज्यांची श्री-लिपी जुन्या छापखान्यांना चांगली ठाऊक आहे.

मी मावशीकडून कृतिदेवची फाइल फोनवर मागवली, तिच्यावर दोनदा क्लिक करून लिनक्समध्ये घातली आणि लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडलं. गोळाभात परत आला.

पण तेवढ्यावर थांबले नाही. उद्या लॅपटॉप पुन्हा बदलेल, फॉन्ट पुन्हा हरवेल. म्हणून सगळ्या फाइल्स कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्या. हे काम डोळे मिटून करायचं नसतं. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. अदलाबदलीत वेलांट्या आणि रफार कधीकधी भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. म्हणून मी वाचायचे, बाबा मूळ फाइल बघून "बरोबर" म्हणायचे आणि आई मधेच म्हणायची, "मिरच्या तीन नाही, पाच घालायच्या त्या." चार संध्याकाळी यात गेल्या. मूळ फाइल्सही तशाच ठेवल्या आहेत, फॉन्टसकट.

तेव्हा तुमच्या यादीत एक ओळ वाढवा. जुन्या मराठी-हिंदी फाइल्स असतील, तर त्या कोणत्या फॉन्टमध्ये आहेत ते बघा आणि फॉन्टचीही प्रत घ्या.

लिनक्स घालायला मला अर्धा तास लागला. घरात कोणाचं काय जपलेलं आहे, हे कळायला चार दिवस. पहिलं काम पेनड्राइव्ह करतो. दुसरं आपल्यालाच करावं लागतं आणि त्याला जेवणाची वेळ सगळ्यात चांगली.

आता लॅपटॉप चहा उकळायच्या आत सुरू होतो. बाबा सकाळी त्यावर पेपर वाचतात. रविवारी आईने स्क्रीन ओट्याशेजारी ठेवून गोळाभात केला. मिरच्या पाचच घातल्या.

पुढच्या वेळी भेटू, घरातल्या आणखी एका जुन्या वस्तूला घेऊन. तोपर्यंत आज रात्री जेवताना तो एक प्रश्न विचारून बघा.